प्राइस मॅच आणि कार्डावरची ऑफर एकाच खरेदीत: बिलाचा आकडा आधी पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही गेल्या वर्षी न्यू जर्सीत आलात आणि घरात एक लॅपटॉप घ्यायचाय. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या दुकानात तो ५२९ डॉलरला आहे, तोच ॲमेझॉनवर ४८९ ला. दुकान ॲमेझॉनचा भाव जुळवून देतं, म्हणजे प्राइस मॅच करतं. शिवाय तुमच्या क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये त्याच दुकानाची ऑफर दिसतेय: ५०० डॉलर किंवा जास्त खर्च करा, ७५ परत मिळवा. दोन्ही एकत्र चालतं का, की भाव कमी करून घेतला म्हणून बँक ऑफर नाकारेल? आणि शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की काउंटरवर असं मागणं बरं दिसतं का.

एकत्र चालतं. पण तुमच्या आकड्यांत एक खड्डा आहे आणि तो बँकेच्या नियमांत नाही, बेरीज-वजाबाकीत आहे. मी सहा वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम केलं, त्यातली शेवटची तीन कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर. दिवसाला दहा-बारा प्राइस मॅच माझ्या हातून व्हायचे. नंतर तो धंदा सोडला, पण घरातली आणि मित्रमंडळींची खरेदी अजून माझ्याच गळ्यात पडते. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

बँकेला तुमच्या खरेदीतलं काय दिसतं, इथून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं. तुम्ही कार्ड लावलंत की बँकेकडे दुकानाचं नाव, तारीख आणि एकूण रक्कम जाते. लॅपटॉप घेतला की टोस्टर, मूळ किंमत काय होती, कॅशियरने ती का बदलली, यातलं काही ऑफर चालवणाऱ्या यंत्रणेला कळत नाही. तिचं काम एवढंच: या दुकानाच्या नावावर, या कार्डावर, या मुदतीत, ठरलेल्या रकमेइतका किंवा जास्त खर्च झाला का? झाला तर क्रेडिट, म्हणजे ते पैसे कार्डावर परत. दुसऱ्या बाजूने, दुकानाच्या मशीनलाही तुमच्या कार्डावर कुठली ऑफर आहे याचा पत्ता नसतो. ऑफर बँक आणि दुकानाच्या मार्केटिंगवाल्यांनी वरच्या वर ठरवलेली असते. काउंटरवरच्या पोराला ती दाखवलीत तर तो खांदे उडवेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. थोडक्यात, दुकान आणि बँक यांची गाठ फक्त एका ठिकाणी पडते: बिलाच्या शेवटच्या ओळीतल्या आकड्यावर.

आता तुमचा आकडा. मॅच केल्यावर लॅपटॉप ४८९ चा होतो. ५०० च्या अटीला अकरा डॉलर कमी. पण न्यू जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो, तो धरून कार्डावर ५२१.४० चढतील. बँकेला हाच आकडा दिसतो. तेव्हा अट पूर्ण, ७५ परत, लॅपटॉप तुम्हाला ४४६.४० ला पडतो. मॅच न करता घेतलात तर ५६४.०५ मधून ७५ गेले, म्हणजे ४८९.०५. आणि सरळ ॲमेझॉनवरून घेतलात तर ५२१.४०. फरक समोर आहे.

एक 'पण' आहे. टॅक्स धरून रक्कम मोजतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे, कारण बँकेकडे टॅक्स वेगळा काढलेला आकडा नसतोच. तरी प्रत्येक ऑफरच्या खाली बारीक अक्षरात अटी असतात, आणि त्यात टॅक्स वगळल्याचं लिहिलेलं असेल तर तेच खरं. वाचायला दोन मिनिटं लागतात. अटी काहीच बोलत नसतील आणि मनात धाकधूक असेल, तर एखादी लागणारीच वस्तू सोबत घ्या. तुम्हाला माउस घ्यायचाच असेल, समजा बारा डॉलरचा, तर टॅक्सआधीचीच बेरीज ५०१ होते. एकूण बिल ५३४.१९, ऑफर जाऊन ४५९.१९. लागणाऱ्या माउससाठी १२.७९ गेले आणि झोपही शांत लागली. मात्र अट गाठायची म्हणून साठ डॉलरची केबल आणि बॅग उचलणारे मी रोज पाहिलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लॅपटॉप आणि टीव्हीवर दुकानाला फार सुटत नाही, खरी कमाई केबल, कव्हर आणि वाढीव वॉरंटीच्या प्लॅनवर असते. ऑफरची अट गाठायला तुम्ही केबलीकडे वळलात तर दुकानाचा काही तोटा नाही.

हेच उदाहरण ओरेगनमध्ये नेऊन पाहा. तिथे सेल्स टॅक्स नाही. डेलावेअर, मॉन्टॅना, न्यू हॅम्पशायरमध्येही नाही. तिथे मॅच करून घेतलात तर कार्डावर ४८९ चढतात, अट हुकते, ७५ गेले. मॅच न करता ५२९ भरले असते तर ७५ परत येऊन लॅपटॉप ४५४ ला पडला असता. म्हणजे तिथे भाव कमी करून घेणाऱ्याला पस्तीस डॉलर जास्त पडले. 'कमी किंमत नेहमीच चांगली' हे कार्डाची ऑफर मध्ये आली की खरं राहत नाही. ओरेगनवाल्याने मॅच करावा आणि बारा डॉलरचा माउस घ्यावा: ५०१ वजा ७५, म्हणजे ४२६, वर माउस घरात. तुम्ही न्यू जर्सीत आहात, पण डेलावेअर तुमच्या शेजारी आहे आणि टॅक्स वाचवायला तिकडे गाडी काढणारे बरेच भेटतात, म्हणून सांगतोय. ही ऑफर घेऊन गेलात तर टॅक्स वाचेल आणि अट हुकेल.

हे सगळं 'इतका खर्च करा, इतके परत' अशा ऑफरचं झालं. अमेरिकन एक्सप्रेसच्या बऱ्याच ऑफर तशा असतात. चेस बँकेच्या ऑफर बहुतेक टक्क्यांत येतात: दहा टक्के परत, पण जास्तीत जास्त पंचवीस डॉलर, अशा. तिथे अट हुकण्याची भानगड नाही, तेव्हा मॅच डोळे मिटून करावा. दहा टक्के आणि पंचवीसची मर्यादा म्हणजे २५० डॉलरलाच मर्यादा भरते. तुमचं बिल पाचशेच्या घरात, त्यामुळे भाव चाळीसने उतरला तरी परत येणारे पंचवीस जागेवरच राहतात.

बारीकसारीक गोष्टींची आवड असेल तर आणखी एक. प्राइस मॅचचे चाळीस डॉलर आणि कार्डाचे चाळीस डॉलर सारखे नसतात. मॅचमध्ये दुकान स्वतःची विक्री किंमत कमी करतं, त्यामुळे टॅक्सही कमी झालेल्या किमतीवर लागतो. कार्डाचं क्रेडिट नंतर येतं, टॅक्स पूर्ण किमतीवर भरून झालेला असतो. तुमच्याकडे चाळीसवर हा फरक २.६५ डॉलरचा. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के टॅक्स आहे, तिथे साडेतीनच्या वर. दोनपैकी एकच मिळणार असेल आणि रक्कम सारखी असेल, तर मॅच घ्या.

आता ज्या ठिकाणी लोक खरोखर पैसे घालवतात ती जागा. मॅच कार्ड लावण्याआधी करून घ्यायचा. हे जितकं सांगावं तितकं थोडं.

काउंटरच्या आतून हे कसं दिसतं ते सांगतो. पैसे भरायच्या आधी मॅच मागितलात तर कॅशियर वस्तूची किंमत स्क्रीनवर बदलतो, कारण म्हणून प्राइस मॅच निवडतो, कुणाचा भाव आहे ते टाकतो, कधी सुपरवायझरचा कोड लागतो, आणि मग बिल होतं. बँकेला एकच व्यवहार दिसतो, स्वच्छ. पैसे भरल्यानंतर मागितलात तर दोन रस्ते असतात. एकात फक्त फरकाची रक्कम कार्डावर परत जाते. दुसऱ्यात कॅशियर आख्खी विक्री परत घेतो आणि नव्या किमतीला पुन्हा बिल करतो. आमच्याकडे गर्दीच्या दिवशी नवी पोरं सर्रास दुसरा रस्ता धरायची, कारण त्यात बटणं कमी आणि डोक्याला ताप नाही. ग्राहकाच्या हातात तोच लॅपटॉप, तीच पावती वाटते.

बँकेला मात्र हे अगदी वेगळं दिसतं. ५६४.०५ ची खरेदी, ५६४.०५ चा परतावा, आणि ५२१.४० ची नवी खरेदी. ऑफर एकदाच वापरायची असेल तर ती पहिल्या खरेदीवर खर्च झाली. त्या खरेदीचा परतावा आला म्हणून बँक ७५ चं क्रेडिट मागे घेऊ शकते, अटींत तसं लिहिलेलं असतं. आणि नवी खरेदी? ऑफर 'वापरली' म्हणून बंद झालेली असू शकते, किंवा मधल्या काळात तिची मुदत संपलेली असू शकते. तेलही गेलं, तूपही गेलं. मग बँकेच्या चॅटवर बसून पावत्या दाखवत राहा. कधी ऐकतात, कधी नाही.

म्हणून नंतर मागायची वेळ आलीच तर स्पष्ट सांगा: 'विक्री परत घेऊन पुन्हा बिल करू नका, फक्त फरक त्याच कार्डावर द्या.' आणि फरक परत गेल्यावर निव्वळ खर्च अटीच्या खाली जात नाही ना, हे घरूनच मोजून या. तुमचं ५६४.०५ वजा ४२.६५, म्हणजे ५२१.४०, अटीच्या वर. तुम्हाला भीती नाही. ओरेगनवाला आधी ५२९ भरून, ७५ खिशात घालून, मग चाळीस परत मागायला गेला तर निव्वळ ४८९ उरतात. अनेकदा यंत्रणेच्या ते लक्षात येत नाही आणि क्रेडिट तसंच राहतं, हे मला माहीत आहे. मी स्वतः त्या भरवशावर राहत नाही. अट पूर्ण करून मग ती मागच्या दाराने मोडायची, हे बँकेला उमगलं तर पुढे कार्डावर ऑफर येणं बंद होऊ शकतं, आणि पंचाहत्तरसाठी तेवढं करण्यात शहाणपणा नाही.

भाव नंतर उतरला तर मात्र परतावा मागायला लाजू नका. यात दुकानादुकानाचं गणित वेगळं आहे. बेस्ट बाय रिटर्नच्या मुदतीत स्वतःचा भाव उतरला तर फरक देतं. साध्या ग्राहकाला ती मुदत पंधरा दिवस, त्यांची पैसे भरून घेतलेली मेंबरशिप असेल तर साठ. टार्गेट स्वतःच्या किमतीसाठी चौदा दिवस देतं. पण २८ जुलै २०२५ पासून त्यांनी ॲमेझॉन आणि वॉलमार्टचा भाव जुळवणं बंद केलं, त्यामुळे टार्गेटच्या जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. कॉस्टको दुसऱ्यांचा भाव जुळवत नाही, पण स्वतःचा उतरला तर तीस दिवसांत फरक देतं. शिवाय अमेरिकेतल्या त्यांच्या दुकानांत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं. अमेरिकन एक्सप्रेसची कुठलीही ऑफर तिथे उपयोगाची नाही, एवढं लक्षात असलं की बरेच हेलपाटे वाचतात. मी खरेदी केली की फोनमध्ये तेराव्या दिवसाची आठवण लावतो. त्या दिवशी एकदा किंमत पाहायची. उतरली असेल तर मागायचं, नसेल तर विषय बंद.

पूर्वी हे काम कार्डच करायचं. सिटी बँकेची प्राइस रिवाइंड नावाची सोय होती: खरेदीनंतर साठ दिवसांत कुठेही भाव उतरलेला सापडला तर फरक सिटी द्यायची. ती २०१९ मध्ये बंद झाली. चेस आणि डिस्कव्हरने त्याच्या आदल्याच वर्षी आपापली सोय काढून घेतली होती. त्यामुळे 'कार्ड फरक देतं' असं कुणी ठासून सांगितलं तर कुठलं कार्ड आणि कुठल्या सालचा अनुभव, ते आधी विचारा.

आता दुकान मॅच द्यायला नाही म्हणतं तेव्हा ते कशामुळे. दहापैकी आठ वेळा कारण मॉडेल नंबर. '१५ इंची, १६ जीबी, तोच प्रोसेसर' हे पुरेसं नाही. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा लागतो, रंगसुद्धा. टीव्हीत हे जास्त होतं, कारण कंपन्या काही दुकानांसाठी आणि नोव्हेंबरच्या सेलसाठी वेगळ्या नंबरची मॉडेलं काढतात. दिसायला जुळी, आतून कुठे एक पोर्ट कमी, कुठे पॅनेल वेगळं. दुसरं कारण विक्रेता. ॲमेझॉनवर किंमत स्वतः ॲमेझॉन विकतंय आणि पाठवतंय तेव्हाच धरतात. त्याच पानावर एखादा तिसराच विक्रेता स्वस्त देत असेल तर ती किंमत मोजत नाहीत. हे पानावर बाजूला बारीक लिहिलेलं असतं, घरूनच बघून जा. तिसरं, तिथे माल शिल्लक हवा. चौथं, नवीन वस्तू हवी. उघडलेलं खोकं किंवा दुरुस्त करून विकलेला माल यांचा भाव चालत नाही. 'किंमत कार्टमध्ये टाकल्यावर दिसेल' असल्या किमतींवर आमच्याकडे हमखास वाद व्हायचा, तेव्हा तसली किंमत असेल तर दुसरा आधार शोधा. आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या गुरुवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बेस्ट बायचा मॅच बंद असतो. त्या पाच दिवसांत कुणाशी हुज्जत घालू नका, कॅशियरच्या हातात खरंच काही नसतं.

स्क्रीनशॉट घेऊन जाण्यापेक्षा फोनवर पान चालू ठेवून जा. कॅशियर स्वतःच्या स्क्रीनवर ते पान उघडून खात्री करतो, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायला त्याला मनाई असते. मीसुद्धा ठेवत नसे. स्क्रीनशॉट घ्या, पण ऑफरचा घ्या: तुमच्या कार्डाच्या ॲपमधला, अटींसकट, 'जोडली' असं दिसणारा. खरेदी झाली की ऑफरचं पान कधीकधी नाहीसं होतं आणि मग अट काय होती हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

'जोडली' हा शब्द मुद्दाम वापरला. ऑफर नुसती दिसते म्हणजे लागू झाली असं नाही. खरेदीच्या आधी ॲपमध्ये तिच्यावर बोट ठेवून ती कार्डाला जोडावी लागते, आणि मग त्याच कार्डाने पैसे भरावे लागतात. घरात नवरा-बायकोची कार्डं सारख्याच रंगाची असतात. एकाच्या कार्डावर ऑफर आणि काउंटरवर दुसऱ्याचं कार्ड पुढे, हे माझ्याच घरात झालंय. तेव्हा खरेदीला निघताना ते कार्ड पाकिटातून काढून वरच्या खिशात ठेवतो. हसू येईल, पण उपयोग होतो.

ऑनलाइन घेणार असाल तर आणखी दोन धोके. पहिला मी स्वतः भोगलाय. ३०० किंवा जास्तची, एकाच व्यवहारात, पन्नास परत, अशी ऑफर होती. मी एक मॉनिटर आणि कीबोर्ड मिळून ३१८ ची ऑर्डर टाकली आणि खूश झालो. मॉनिटर दुसऱ्या दिवशी निघाला, कीबोर्ड आठवड्याने. दुकानं सहसा माल पाठवताना पैसे घेतात, त्यामुळे कार्डावर २५९ आणि ५९ असे दोन वेगळे व्यवहार चढले. एकही ३०० चा नाही. पन्नास गेले, आणि दोष कुणाचाच नव्हता. तेव्हापासून 'एकाच व्यवहारात' असं लिहिलं असेल तर मी एकच वस्तू घेतो किंवा दुकानात जाऊन घेतो. तुमच्या बाबतीतही माउसचा उपाय करणार असाल तर दुकानातच करा. याच कारणाने मुदत संपायच्या आदल्या रात्री ऑनलाइन ऑर्डर टाकू नका. तुम्ही बटण दाबलं ती तारीख आणि कार्डावर रक्कम चढली ती तारीख वेगळी असू शकते.

दुसरा धोका, चॅटवर मॅच मागताना. काही वेळा एजंट किंमत बदलून ऑर्डर स्वतःच्या बाजूने टाकतो, म्हणजे ती फोनवरून आलेल्या ऑर्डरसारखी धरली जाते. ऑफरमध्ये 'फक्त वेबसाइटवर' असं असेल तर तिथे पाल चुकचुकते. उलट ऑफर 'फक्त दुकानात' असेल तर वेबसाइटवर भरून दुकानातून उचलणं बहुतेकदा वेबसाइटची खरेदी ठरते. हे दोन शब्द अटींत आधी शोधा, बाकीच्या मग वाचा. पेपॅलसारखा मधला गडी टाळा, त्यात दुकानाचं नाव वेगळ्या रूपात चढू शकतं. आणि महिन्याच्या हप्त्यांची सोय बिलाच्या पानावर डोळे मारत असते, ती घेतलीत तर पैसे तुमच्या कार्डावरून जातच नाहीत, मग ऑफर कशाच्या आधारावर लागणार?

गिफ्ट कार्डांबद्दल थोडक्यात: बिलाचा काही भाग गिफ्ट कार्डाने भरलात तर क्रेडिट कार्डावर उरलेलाच चढतो, आणि ऑफर त्या उरलेल्यावरच मोजली जाते. गिफ्ट कार्ड विकत घेऊन ऑफरची अट गाठणं बहुतेक अटींत बाद धरलेलं असतं.

मग दुकानाचं स्वतःचं कार्ड काढावं का, असंही तुम्ही विचारलंय. काउंटरवर तुम्हाला ते सुचवतीलच, आम्हाला त्याचे आकडे गाठावे लागायचे. बेस्ट बायच्या कार्डावर साधारण पाच टक्के परत मिळतात, पण त्यांच्याच दुकानात वापरायच्या स्वरूपात. तुमच्या ५२१.४० वर ते सव्वीसच्या आसपास. एका बिलाला एकच कार्ड म्हटलं तर सव्वीससाठी पंचाहत्तर सोडायचे का, हिशेब सोपा आहे. त्या कार्डांवर 'बारा महिने व्याज नाही' अशी योजनाही मिळते, तिच्यापासून जपून राहा. मुदतीत एक डॉलर जरी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. ते व्याज माफ झालेलं नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं. काउंटरवर रडकुंडीला आलेली माणसं मी जास्त करून याच कारणाने पाहिली.

ज्याचा तुम्ही विचारच केला नाहीत, तो मुद्दा मला ऑफरपेक्षा मोठा वाटतो: वॉरंटी. चेसची काही कार्डं तीन वर्षांपर्यंतच्या कंपनी-वॉरंटीवर आणखी एक वर्ष वाढवून देतात. अमेरिकन एक्सप्रेसची काही कार्डं पाच वर्षांपर्यंतच्या वॉरंटीवर वर्षभर वाढवतात. 'काही' म्हणतोय, कारण हे कार्डागणिक बदलतं आणि तुमच्याकडे कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. लॅपटॉपची कंपनी-वॉरंटी बहुधा एक वर्ष, आणि माझ्या काउंटरवर परत यायचे ते जास्त करून दुसऱ्या वर्षात: बिजागरी, चार्जिंगचा पोर्ट, बॅटरी (बॅटरी यात बसेलच असं नाही). ज्या कार्डावर ७५ ची ऑफर आहे त्याच कार्डावर वाढीव वॉरंटीही असेल तर सोन्याहून पिवळं, आणि दुकानाचा प्लॅन घ्यायची गरज उरत नाही. ऑफर दहा-पंधरा डॉलरचीच असती तर मी वॉरंटी देणारं कार्ड पुढे केलं असतं. ७५ साठी ऑफरवालं कार्ड घेतलं असतं. मधल्या आकड्यांवर मतभेद होऊ शकतात. ॲमेझॉनच स्वस्त असताना त्याच्यावरची ऑफर तुमच्या कार्डावर नाही ना, हेही एकदा बघा. लोक दुकानाच्या मागे धावतात आणि स्वस्त ठिकाणची ऑफर तिथेच खाली पडून असते.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आज ऑफर कार्डाला जोडा आणि अटींचा स्क्रीनशॉट घ्या. ॲमेझॉनच्या पानावर मॉडेल नंबर, विक्रेता आणि माल शिल्लक आहे का ते पाहा. दुकानात जाऊन कार्ड लावण्याआधी मॅच मागा, बिलाचा शेवटचा आकडा ५०० च्या वर आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मगच कार्ड पुढे करा. क्रेडिट बहुतेकदा काही दिवसांत येतं, अटींत ९० दिवसांपर्यंतही लिहिलेलं असतं. आठवडाभर तरी बँकेला फोन करू नका. कार्डाचं बिल मात्र पूर्ण भरा. एका महिन्याची उधारी राहिली तर वीस टक्क्यांच्या वरच्या व्याजदरात हे ७५ फार दिवस टिकत नाहीत.

राहिला संकोच. दुकानाने मॅचचं धोरण स्वतः छापून लावलंय, ऑफर बँकेने स्वतः पाठवलीय, तुम्ही कुणाला फसवत नाही. आम्हाला काउंटरवर मॅच मागणाऱ्याचा कधी राग आला नाही. मागे रांग लागलेली असताना फोनवर पान शोधत उभं राहणाऱ्याचा यायचा. पान आधीच उघडून ठेवा, 'ॲमेझॉनवर हा ४८९ ला आहे, मॅच होईल का?' एवढंच विचारा, आणि कार्डाच्या ऑफरबद्दल काउंटरवर बोलू नका, त्याने गोंधळच वाढतो. समोरचा नवखा दिसला आणि अडला, तर सुपरवायझरला बोलवायला सांगा, त्यालाही सुटल्यासारखं वाटेल. आणि शक्य असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा. शनिवारी दुपारी तुमचा मॅच करणारा माणूस त्याच वेळी एक फोनही घेत असतो आणि रिटर्नला आलेला टीव्हीही ओढत असतो.